अर्धं जातं

मानसिंगला आपल्या ट्रॅक्टरचा जेवढा अभिमान होता तेवढा पोराच्या डिप्लोमाचाही नव्हता, आणि हे तो पोरासमोरच बोलून दाखवायचा. निरवांगीत ट्रॅक्टर पुष्कळ होते. पण उसानं ठासून भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन लासुर्ण्याच्या वळणावर न अडखळणारा एकटा मानसिंगच, असं तो स्वतः म्हणायचा. दुसरं कुणी म्हटलं नाही तरी त्याचं काही अडत नव्हतं. मागच्या ट्रॉलीच्या फळीवर त्यानं इंदापुरातल्या पेंटरकडून वाघ काढून घेतला होता. वाघ फार देखणा होता. त्याच्या दोन्ही बाजूंचे लाल दिवे मात्र गेल्या हंगामात फुटले होते, आणि रंगातला वाघ काही अंधारात दिसत नाही.

हत्यारांच्या पेटीत जॅक आणि पान्ह्यांबरोबर जात्याचा अर्धा दगड असायचा. जातं मानसिंगच्या आईचं, रंगूबाईचं. म्हातारी गेल्यावर ओसरीवरून हलवताना वरचा दगड हातातून सुटला आणि मधोमध दुभंगला. एक अर्ध कुशाबाईनं, म्हणजे मानसिंगच्या बायकोनं, तुळशीपाशी ठेवलं. दुसरं मानसिंगनं उचललं, कारण एका अंगानं सरळ, दुसऱ्या अंगानं गोल असा तो तुकडा चाकाखाली सारायला अगदी मापात होता.

"सासूबाईंचं जातं चाकाखाली घालता व्हय?" कुशाबाईनं विचारलं होतं.

"दळायच्या कामाचं ऱ्हायलं न्हाय. नुसतं बसून काय करायचं त्येनं?"

कुशाबाईला ते आवडलं नव्हतं.

जानेवारीतला दिवस. दुपारी चारच्या सुमाराला, लासुर्णं तीनेक किलोमीटरवर असताना मागच्या ट्रॉलीचं डावं टायर फुटलं. रस्ता अरुंद, दोन्हीकडं ऊस. मानसिंगनं खाली उडी टाकली, अर्धं जातं चाकाला लावलं, बांधावरचे चार धोंडे आणून ट्रॉलीच्या मागं रस्त्यातच ओळीनं मांडले आणि त्यांवर उसाचे हिरवे शेंडे टाकले. आमच्याकडची ही पद्धतच आहे. गाडी बंद पडली की मागच्याला कळावं म्हणून दगड मांडायचे. मांडायचं सगळ्यांच्या ध्यानात राहतं.

पोरगा ऋषिराज लोणी देवकरच्या कंपनीतून पहिली पाळी करून मोटरसायकलवर येत होता. बापाला बघून तो थांबला. हेल्मेट आरशाला अडकवलं, शर्टाच्या बाह्या वर केल्या. जॅक साइडपट्टीच्या मातीत रुतत होता, म्हणून खाली फळी घातली. ती चिरली, दुसरी घातली. लासुर्ण्याहून टायरवाला आला. नट गंजून बसलेले. पान्ह्याला पाइप लावून बापलेक दोघं त्यावर लोंबकळले तेव्हा पहिला नट हलला. मानसिंगच्या तळहाताची साल निघाली. चाक बसेपर्यंत सूर्य उसात उतरला होता.

"आबा, मागं दिवं न्हाईत. अंधार पडंल आता," ऋषिराज म्हणाला.

"वाघ हाय की."

"वाघ काय डोळं मिचकावतोय व्हय?"

"तू जा घरी. सकाळी पाचला उठलायस. दगडं मी काढतो."

पोरगा गेला. तेवढ्यात कारखान्यावरून जोडीदाराचा फोन आला, "मानसिंगराव, नंबर पुढं सरकतोय, लवकर या." मानसिंग वर चढला आणि ट्रॅक्टर काढला. जात्याचं अर्ध आणि चार धोंडे मागं रस्त्यातच राहिले.

कारखान्याच्या आवारात उताराला ट्रॉली लावली आणि चाकाला दगड लावायला म्हणून त्यानं पेटीत हात घातला. जॅक होता. पान्हे होते. मानसिंगचा हात पेटीच्या तळाशी तसाच राहिला.

खिशात फोन होता आणि त्यात चार्जिंगही होतं. ऋषिराजला सांगितलं असतं तर पाऊण तासात काम झालं असतं. पण पोरगं दमलंय, आत्ता कुठं जेवायला बसलं असेल, असं मानसिंगनं स्वतःला सांगितलं. रांग सोडून स्वतः जावं तर नंबर जाणार. सकाळी परत जाताना उचलू, असं म्हणून त्यानं बिडी पेटवली. पोराच्या दमण्याचा त्याला एवढा पुळका त्याआधी कधी आलेला कुणी पाहिला नव्हता.

सकाळी दहाला रिकाम्या ट्रॉल्या घेऊन तो त्या जागी आला तेव्हा धोंडे कुणीतरी चारीत लोटलेले होते. जात्याचं अर्ध नव्हतं. डांबरावर बैलगाडीएवढा पांढरा डाग वाळत होता आणि दोन कुत्री तो चाटत होती.

दत्तोबा पहाटे पडला होता. गेली बावीस वर्षं दत्तोबा मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून निरवांगीचं दूध वालचंदनगरच्या वसाहतीत घालत असे. एकोणीस घरांचा रतीब. गावाच्या डेअरीवर त्याचं हेल्मेट हा करमणुकीचा विषय होता. पोरगी स्वप्नाली बारामतीला नर्स झाली, तिनं पहिल्या पगारातून घेतलेलं. "दत्तोबा, इमान कुठं उतरवलंस?" असं रोज कुणी ना कुणी विचारायचं, आणि दत्तोबा हनुवटीखालचा पट्टा चाचपत म्हणायचा, "लेकीनं घेतलंय. काढलं तर फोनवर कळतं तिला."

धुक्यात त्याचं पुढचं चाक दगडावर गेलं. ऐंशी लिटर दुधाच्या वजनानं गाडी फिरली. नडगीचं हाड मोडलं, खांद्याचं मोडलं. हेल्मेटला कानापासून टाळूपर्यंत चीर गेली होती, डोक्याला मात्र ओरखडा नव्हता. त्याला बारामतीला नेलं, आणि ज्या पोरांनी नेलं त्यांनीच तो दगड आणून डेअरीच्या कट्ट्यावर ठेवला. सगळ्यांनी बघावा म्हणून.

मानसिंग कट्ट्यावर आला तेव्हा दगडाभोवती दहा-बारा जण होते.

"जात्याचा तुकडा हाय बघा. कुणी ठिवला आसंल रस्त्यात?"

"कुनी का आसंना, त्येच्या घरात असं व्हावं म्हंजे कळंल."

"आपल्या गावातला न्हाय. भायेरगावचा ट्रॅक्टर आसंल. काय तात्या?"

मानसिंगनं चहाचा घोट घेतला. "आसंल," तो म्हणाला.

चहा तसाच टाकून तो घरी आला आणि भर दुपारचा खाटेवर तोंड फिरवून पडला. ट्रॅक्टर धुवायचा सोडून हा माणूस दुपारी झोपला म्हणजे काहीतरी झालंय, हे सून स्वरूपालाही कळलं.

चारच्या सुमाराला शेजारची साखरबाई बातमी घेऊन आली. दत्तोबाचं हाड, दुधाचं नुकसान, लेकीचं रडणं, सगळं तिनं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "जात्याचं अर्ध हुतं बाई. खुंट्याचं भोक हाय त्येला. जातं रस्त्यावर टाकतं का कुणी?"

साखरबाई गेल्यावर कुशाबाई तुळशीपाशी गेली. तिथलं अर्ध तिनं नुसतं पाहिलं. त्यात खुंट्याचं भोक नव्हतं. मग खाटेपाशी येऊन उभी राहिली.

"अवो. पेटीतलं जातं कुठंय?"

मानसिंगनं पांघरूण डोक्यावर ओढलं.

"मी काय इचारती?"

"तुला कळलंय तर इचारती कशाला?"

"तुमच्या तोंडून ऐकायचं हाय."

"नंबर लागला हुता. घाईत ऱ्हायलं." त्यानं पाय जवळ घेतले. "आता बोलून त्येचं हाड जुळणार हाय का? चार दिसांनी समदं इसरत्यात."

"दत्तोबा इसरंल?"

ती आत गेली. चूल सारवताना भरलेला हात धुतला, केसांवरून पाणी फिरवलं, पदर खोचला आणि एका जुन्या लुगड्याच्या फडक्याची चुंबळ वळून हातात घेतली. संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली होती. त्या वेळी डेअरीवर अख्खं गाव असतं. मानसिंगच्या ध्यानात आलं तेव्हा ती बोळाच्या तोंडाशी होती.

"अगं, कुठं निघालीस? ऐक तरी!"

ती थांबली नाही. तो तसाच, चपला न घालता मागं गेला.

डेअरीवर रांग होती. कुशाबाई रांगेच्या कडेनं सरळ कट्ट्यापर्यंत गेली. तीस वर्षांत ती त्या कट्ट्यावर पुरुषांच्या देखत एक शब्द बोलली नव्हती. दुधाची किटली द्यायची, पावती घ्यायची, यायचं. तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली, वाकून दोन्ही हातांनी दगड उचलला, छातीशी धरला आणि एका दमात डोक्यावर घेतला. मान जराशी दबली, मग ताठ झाली.

"ह्यो दगड आमचा हाय," ती म्हणाली. "माझ्या सासूच्या जात्याचा. ह्यांनी चाकाला लावला हुता, घाईत उचलायचा इसरलं. दत्तोबा भाऊजी पडलं त्ये आमच्यामुळं. कुणाला शिव्या द्यायच्या आसतील तर आता आमच्या नावानं द्या."

दुधाचं यंत्र तेवढं घरघरत होतं. सगळ्यांनी मानसिंगकडं पाहिलं. तो अनवाणी, रांगेच्या शेवटी.

खरं सांगायचं तर त्याला सुटायची वाट बायकोनं करून दिली होती. विसरला म्हटलं की माणूस अर्धा सुटतो. विसरणं कुणाच्या हातून होत नाही? मान खाली घालून उभा राहिला असता तरी गावानं चार दिवसांत पोटात घातलं असतं.

मानसिंग पुढं आला.

"ऋषीची आई म्हणती त्ये अर्धं खरं हाय," तो म्हणाला. "मी इसरलो न्हवतो. कारखान्यावर पेटीत हात घातला तवाच कळलं हुतं. नंबर जाईल म्हणून आलो न्हाय. पोराला फोन करायचा, त्योबी केला न्हाय. अन् सकाळी हितंच उभा ऱ्हाऊन भायेरगावचा आसंल म्हणालो. त्यो भायेरगावचा मीच."

त्यानं कुशाबाईच्या डोक्यावरचा दगड उतरवून घ्यायला हात पुढं केले. तिनं दिला नाही. तीच पुढं चालली, तो मागून. आमच्या गावात लग्नाच्या वराती पुष्कळ निघाल्या, पण त्या संध्याकाळी ती दोघं बोळातून गेली तशी जोडी मी तरी दुसरी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं बारामतीला दवाखान्यात गेली. हवालदार दत्तोबाचा जबाब लिहून घेत होता. दगड कुणाचा, ते नाव मानसिंगनं आपलं आपणच सांगितलं. स्वप्नाली पलंगाच्या उशाशी उभी होती. तिनं चिरलेलं हेल्मेट टेबलावर ठेवलं, चीर मानसिंगकडं करून.

"हे नसतं काका, तर तुम्ही आज इथं आला नसता. आमच्या दारात आला असता, दहाव्याला."

मानसिंगनं पलंगाच्या लोखंडी दांड्याला धरलं.

दत्तोबा म्हणाला, "मला माफी नको अन् काय नको. माझा रतीब कोण घालणार? एकोणीस घरं. पंधरा दिस खंड पडला की लोक दुसरा दूधवाला बघत्यात. बावीस वर्सं गेली ती जमवायला."

"मी घालतो," मानसिंग म्हणाला.

"तुमी? चार चाकाचा माणूस तुमी. दोन चाकावर ऐंशी लिटर म्हंजे चेष्टा न्हाय."

"तू सांगशील तसं करतो."

"मग पयली गोष्ट, पटका काढायचा अन् हेल्मेट घालायचं. पट्टा लावून. माझ्या गाडीवर त्याबिगर कुणी बसायचं न्हाय."

हे ऐकायला सोपं होतं. पण मानसिंगचा गुलाबी पटका डोक्यावरून उतरायचा तो फक्त झोपताना, आणि घरात कुणी गेलं तर. बोडक्यानं उंबऱ्याबाहेर पडणं म्हणजे त्याच्या लेखी उघडं फिरणं. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला तो दारात उभा राहिला, पटक्याला हात लावला आणि पुन्हा खाली घेतला. कुशाबाईनंच पटका उतरवला, दोन्ही हातांत धरून आत नेऊन खुंटीला ठेवला. परत येऊन पोराचं जुनं हेल्मेट त्याच्या डोक्यात बसवलं. पट्टा तिला लागेना. कंदील धरल्यासारखा मोबाइलचा उजेड धरून स्वरूपानं तो लावायला शिकवला.

"पटका कुठं जात न्हाय," कुशाबाई म्हणाली. "तुमी या."

पहिल्या दिवशी तो वसाहतीतल्या तिसऱ्याच घरासमोर उभ्या गाडीसह कलंडला. दूध गटारात गेलं. वरच्या मजल्यावरची बाई हसली. अठरा टन ऊस ओढणारा माणूस तिच्या देखत गटारातून कॅनचं झाकण शोधत होता.

रोज संध्याकाळी दत्तोबा पलंगावरून फोनवर शाळा घ्यायचा. "दोनी ब्रेक संगं दाबायचं, हळूहळू. नुसता पुढचा दाबला की आडवं. ट्रॅक्टरच्या टायरची माती पडलेली आसती, त्येच्यावर दव पडला की साबण. तितं ब्रेक न्हाय, आधीच गाडी हळू करायची. समोरनं लाईट डोळ्यावर आला तर डाव्या कडंच्या पांढऱ्या पट्ट्यावर नजर. अन् ट्रॉलीच्या बुडाला चिकटायचं न्हाय. ती थांबली तर तुमाला सांगून थांबत न्हाय."

मानसिंगनं शाळेत कधी ऐकलं नव्हतं इतक्या मनानं तो हे ऐकायचा. तीस वर्षं तो त्याच रस्त्यानं जात होता, पण उंचावर बसून. खालून तो रस्ता निराळाच होता. उसाची पाती तोंडावर फटकन लागायची. मातीचं एक ढेकूळ, वरून ज्याच्याकडं त्यानं कधी पाहिलं नव्हतं, ते चाकाखाली आलं की हँडल हातातून सुटायला बघायचं. थंडीनं बोटं आखडायची आणि ब्रेकची दांडी हाताला कळायची नाही.

आठव्या दिवशी पहाटे धुकं इतकं होतं की पुढच्या चाकापलीकडं काही दिसेना. दत्तोबानं सांगितल्याप्रमाणे तो बैलगाडीच्या चालीनं जात होता. म्हणूनच वाचला. धुक्यातून एकदम, हातभर अंतरावर, वाघ समोर आला.

दोन्ही ब्रेक दाबले. कॅनमधलं दूध पुढं उसळलं, गाडी डोलली, त्यानं दोन्ही पाय जमिनीला लावले. पुढचं चाक वाघाच्या पंजापासून वीतभर राहिलं. ट्रॉली रस्त्यात उभी होती. ना दिवा, ना काही. ट्रॅक्टरमागून लघवी करून नाडी बांधत बिरू आला. सकाळची खेप मानसिंगनं ह्याच ड्रायव्हरवर सोपवली होती.

"तात्या, तुमी व्हय? म्या म्हनलं कोन मरतंय!"

मानसिंगला शिवी द्यायची होती. पण द्यायची कुणाला, हा प्रश्न होता. वाघ त्यानंच काढून घेतला होता आणि दिवे त्यानंच लावले नव्हते.

त्याच दिवशी त्यानं दोन्ही ट्रॉल्यांना लाल दिवे बसवले. फळीवर कडेनं चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या. त्यातली एक वाघाच्या मिशीवरून गेली, जाऊ दिली. बाभळीचा ओंडका तासून चाकाला लावायच्या दोन पाचरी केल्या आणि साखळीनं ट्रॉलीलाच जखडल्या. पाचर न काढता ट्रॅक्टर हलवला तर ती खडखडत मागून येणार आणि अख्ख्या गावाला सांगणार. पोरं त्याला साखळीवाला तात्या म्हणू लागली. आधी तो चिडला, मग त्यानं आणखी चार ट्रॅक्टरवाल्यांना तशा पाचरी करून दिल्या.

रस्त्यात कुणी मांडून गेलेले दगड दिसले की तो थांबायचा. भरलेले कॅन असताना गाडी स्टँडवर घेणं म्हणजे कंबरेची परीक्षा. तरी तो गाडी उभी करायचा आणि एकेक धोंडा बांधावर नेऊन टाकायचा. वसाहतीत दूध जायला एखाद्या दिवशी दहा मिनिटं उशीर झाला, पण अडीच महिन्यांत एकोणिसातलं एकही घर सुटलं नाही.

मार्च संपता संपता दत्तोबा परत गाडीवर बसला. पाय थोडा ओढत होता. डोक्यावर नवं हेल्मेट, लेकीनंच घेतलेलं. पहाटे डेअरीवर कॅन भरून लावले आणि गाडी बाजूच्या स्टँडवर टेकवली, तर धुण्याच्या पाण्यानं मऊ झालेल्या जमिनीत स्टँड रुतायला लागला. मानसिंगनं धावत जाऊन गाडी धरली. गाडी आता दत्तोबाकडं परत गेली असली तरी मानसिंगच्या डोक्यावर ऋषिराजचं हेल्मेट होतंच. पहिल्या दिवशी तो पोराच्या मोटरसायकलवर मागून सोबतीला जाणार होता.

"वैनी," दत्तोबानं रांगेतल्या कुशाबाईला विचारलं, "त्ये जातं कुठंय?"

कुशाबाईनं किटली खाली ठेवली. "तुळशीपाशी हाय. का?"

"आना हिकडं."

ती गेली आणि डोक्यावरून घेऊन आली. दत्तोबानं खुणेनं दाखवलं तसा मानसिंगनं दगड स्टँडखाली सारला, सपाट बाजू वर करून. गाडी भरल्या कॅनांसकट ताठ उभी राहिली. दत्तोबानं तिला हलवून बघितलं.

"ऱ्हाऊ द्या हितंच," तो म्हणाला. "नुसतं बसून काय करायचं त्येनं?"

तेवढ्यात दुधाच्या टँकरचा नवा ड्रायव्हर खाली उतरला. परगावचा होता, त्याला काही माहीत नव्हतं. गाडीखाली बघून तो म्हणाला, "जातं हाय का काय हे? कुनाचं हो?"

बोलायचा मान ज्याचा होता त्याच्यासाठी सगळे थांबले.

"आमचं हाय," मानसिंग म्हणाला, आणि हनुवटीखालचा पट्टा लावू लागला.

कुशाबाईचा नंबर आला होता. किटली कट्ट्यावर ठेवून ती म्हणाली, "मानसिंगरावांच्या घरचं दूध हाय, घ्या मापून." तीस वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव चारचौघांत पहिल्यांदाच घेतलं, आणि ते टँकरपर्यंत ऐकू गेलं.